आनंदवलीच्या आनंदीबाई

कोणी शब्दात फेरफार केला की आपण लगेच म्हणतो, ध चा मा केला. हे ज्यांच्यावरून म्हणतात त्या आनंदीबाई आपल्या नाशिकजवळच्याच. गंगापूरच्या वाटेवर गोदाकाठी आनंदवली आहे. त्यांच्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे म्हणतात.

आनंदीबाई कोकणातल्या ओकांची लेक. राघोबादादा पेशव्यांशी त्यांचे लग्न झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पुतण्या नारायणराव पेशवे मारले गेले. पत्रातल्या धरावेचे मारावे आनंदीबाईंनी केले, अशी गोष्ट सांगतात. ती तोंडोतोंडी चालत आली. पुराव्याने काही पक्की ठरलेली नाही. राघोबादादांवर मात्र ठपका आला आणि नाना फडणीस वगैरे बारभाई त्यांच्याविरुद्ध उभे राहिले.

आता खरी पंचाईत बघा. आनंदीबाईंना दिवस गेलेले. दादांनी त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवलं नि स्वतः गेले गुजरातेत, इंग्रजांची मदत मागायला. १० जानेवारी १७७५ ला धारला बाजीराव जन्मला, तेव्हा बाप जवळ नव्हता. मार्चमध्ये सुरतेला दादांनी इंग्रजांशी तह केला, साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. मराठ्यांची लढाई आता इंग्रजांशी जुंपली. नवरा इंग्रजांच्या छावणीत, बायको धारला. पुढे बारभाईंच्या फौजेने धारला वेढा घातला आणि किल्ल्यासह आनंदीबाई त्यांच्या हाती आल्या. पहारा सासरच्याच माणसांचा! दादांनी इंग्रजांना घरात घेतलं ते वाईटच केलं. पण त्या तान्ह्या पोराचा यात काय दोष?

१७८२ च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रजांनी दादांची बाजू सोडली. दादा गोदाकाठच्या कोपरगावी येऊन राहिले. थोडे दिवस सुख, आणि १७८३ मध्ये ते वारले. धाकटा चिमाजी तर बाप गेल्यावर जन्मला.

नारायणरावांच्या आई गोपिकाबाईही याच गोदेच्या काठी, गंगापूर-नाशिकला राहत होत्या. त्या १७८८ मध्ये गेल्या. एका नदीकाठी दोन जावा, एकीचा मुलगा मारला गेलेला नि त्याचा आळ दुसरीवर!

पुढे कारभाऱ्यांनी आनंदीबाईंना मुलांसह आनंदवलीला आणून ठेवले. तिथेच १७९४ साली त्या वारल्या. मग मुलांना जुन्नरला नेऊन बंदोबस्तात ठेवले. धारच्या किल्ल्यात जन्मलेला तो बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. ते बघायला आई नव्हती.