बाणाचं टोक कुणाकडे? क्रांतिसिंह नाना पाटील



आठवीच्या इतिहासात प्रतिसरकारचा भाग येतो. यंदा तो नुसता वाचून न दाखवता संगणकावर तक्ता काढून शिकवायचं मी ठरवलं. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये चौकोन काढले, मधोमध नाना पाटलांचं नाव लिहिलं आणि तिथून सगळ्या गावांकडे बाण सोडले. तक्ता दिसायला झकास झाला. वर्गात समजावून सांगायला लागले तेव्हा मात्र कळलं की बाणच चुकलेत. हा तर इंग्रजांच्या कलेक्टर कचेरीचा तक्ता झाला होता, वरून हुकूम आणि खाली गावं! बाण नीट लावायचे तर नानांचं आयुष्य पहिल्यापासून बघावं लागतं.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. (मुलं इथे हमखास गोंधळतात. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये.) शेतकऱ्याचं घर, धिप्पाड शरीर, कुस्तीची आवड आणि विचारांवर सत्यशोधक चळवळीचा संस्कार. पुढे ते तलाठी झाले.

ही तलाठ्याची नोकरी पुस्तकात एका ओळीत संपते. मला ती फार महत्त्वाची वाटते. कुणाची जमीन किती, पीक काय, सारा किती थकला, ही माहिती तलाठ्याच्या दप्तरात जमते, तिथून मामलेदाराकडे आणि मग कलेक्टरकडे जाते. गावात कोण नवखा आला, कुणाच्या घरी बैठक झाली, याची खबर पोलीस पाटील ठाण्याला देतो. म्हणजे माहितीचे सगळे बाण गावातून वर जातात आणि वरून खाली येतो तो फक्त हुकूम. नानांनी हे यंत्र आत बसून पाहिलं होतं. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली. नंतरच्या वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्या झाल्या आणि गावोगाव सभा झाल्या. बोलणं अगदी शेतकऱ्याच्या बोलीतलं, त्यामुळे बांधावरच्या माणसालाही ते आपलं वाटायचं.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चलेजाव सुरू झाला. तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा तालुक्याच्या गावी कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार धारातीर्थी पडले. उघड्या मोर्च्याला गोळी मिळते हे दिसल्यावर चळवळ भूमिगत झाली. टेलिफोन-तारायंत्राच्या तारा तुटू लागल्या, टपाल लुटलं जाऊ लागलं, गावच्या चावड्यांवर हल्ले होऊन दप्तरं जाळली गेली. तक्त्याच्या भाषेत सांगायचं तर सरकारकडे जाणारा एकेक बाण खोडला जात होता.

पण नुसतं खोडून राज्य चालत नाही. १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. किसन वीर, नाथाजी लाड, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी कितीतरी माणसं आपापल्या भागात काम बघत होती. गावात पंच निवडायचे, तंटा तिथेच मिटवायचा. सावकारी आणि दारूला आळा घालायचा. कमी खर्चात गांधी विवाह लावायचे. तुफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली. नाना या सगळ्यांचे नेते होते, तरी रोजचा निवाडा गावात व्हायचा आणि अडलं तर वर जायचं. माझी चूक झाली ती नेमकी इथेच.

आता तक्त्याची दुरुस्ती. साधी रेघ न घेता कनेक्टर घ्या. चौकोनाच्या कडेवर बारीक ठिपके दिसतात, त्यातल्या एकावरून ओढून दुसऱ्या चौकोनाच्या ठिपक्याला चिकटवा. मग चौकोन हलवला तरी बाण सुटत नाही. खबर देणाऱ्यापासून ओढायला सुरुवात करा, कारण सॉफ्टवेअर त्यालाच सुरुवातीचं टोक समजतं. मग उजवं बटण दाबून 'लाईन' मध्ये जा. तिथे ॲरो स्टाईल्समध्ये सुरुवातीला काही नको आणि शेवटी बाण, असं ठेवा. गुप्त निरोपासाठी तुटक रेघ, हुकमासाठी सलग रेघ. कनेक्टरवर दोनदा क्लिक केलं की त्यावर 'खबर', 'निवाडा', 'पैसा' असं लिहिता येतं. हे लिहाच. नाव नसलेला बाण काहीच सांगत नाही.

तुटक रेघांमध्ये बायांची नावं यायला हवीत. नानांची लेक हौसाबाई तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. हल्ल्याआधी डाक बंगल्यांची पाहणी करून खबर आणण्याचं काम ती करायची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिला मारहाण होतेय असं खोटं भांडण उभं केलं, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं पळवली.

नानांच्या डोक्यावर बक्षीस होतं, घरादारावर जप्ती आली होती. भूमिगत असतानाच आई गेली. तरी त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना लागला नाही. गावातून ठाण्याकडे जाणारा खबरीचा बाण गावांनीच वळवला होता. तो सगळाच प्रेमानं वळला, असं मात्र वर्गात सांगू नका. खबऱ्यांना पायाच्या तळव्यांवर मार बसायचा आणि लोक 'पत्री सरकार' म्हणायचे ते त्यावरूनच, असं सांगतात. एका मुलीनं मला विचारलं, बाई, चुकून दुसऱ्यालाच खबऱ्या समजले तर तो कुणाकडे जाणार? तिच्यासाठी मी गावापासून पंचांकडे एक बाण काढला आणि त्यावर 'तक्रार' लिहिलं. पण पंचांच्याच निवाड्याविरुद्धचा बाण कुठे चिकटवायचा, हे मला ठरवता आलं नाही. तो एका टोकाला मोकळाच ठेवलाय.

१९४६ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटं उठली आणि नाना उघडपणे लोकांत आले. पुढे ते शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. दिल्लीतही ते मराठीत बोलले. या बाणाला मी सलग रेघ दिली, येडेमच्छिंद्रपासून थेट संसदेपर्यंत. ६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले.