जॅकलीन पास्कल

फ्रान्समधील क्लेर्माँ या गावी ५ ऑक्टोबर १६२५ रोजी जॅकलीन पास्कल यांचा जन्म झाला. थोर गणितज्ञ व तत्त्वचिंतक ब्लेझ पास्कल हे त्यांचे वडीलबंधू. जॅकलीन लहानपणापासूनच काव्यरचना करीत. १६३८ साली त्यांच्या वडिलांवर राजाचे प्रधानमंत्री रिशल्य यांची इतराजी झाली आणि त्यांना अज्ञातवासात जावे लागले. पुढील वर्षी तेरा वर्षांच्या जॅकलीनने रिशल्य यांच्यासमोर नाटकात भूमिका केली व वडिलांसाठी क्षमा मागितली. ती मिळाली.

पुढे त्यांचे मन विरक्तीकडे वळले. पोर्ट रॉयल येथील धर्मभगिनींच्या मठावर बिशप यान्सेन यांच्या विचारांचा प्रभाव होता. मनुष्य स्वबळावर नव्हे, तर केवळ ईश्वरी कृपेने तरतो, अशी या पंथाची श्रद्धा होती. वडिलांच्या निधनानंतर, ४ जानेवारी १६५२ रोजी जॅकलीन मठात दाखल झाल्या. वारशातील आपला वाटा मठाला देण्याची त्यांची इच्छा होती. भावंडांनी त्यास हरकत घेतली. तेव्हा मठाने एक पैही न घेता त्यांना स्वीकारण्याची तयारी दर्शविली. अखेर बंधूंचे मन द्रवले.

जेझुइट धर्मगुरू व राजसत्ता या पंथाच्या विरोधात होती. मठावर संकट घोंगावत असतानाच एक विलक्षण घटना घडली. जॅकलीन यांची दहा वर्षांची भाची मार्गरीत पेरिए पॅरिसच्या मठात शिकत होती. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातील नासूर तीन वर्षांहून अधिक काळ वाहत होता. २४ मार्च १६५६ रोजी, येशूच्या काटेरी मुकुटातील म्हणून पूजिला जाणारा काटा तिच्या डोळ्याला लावण्यात आला आणि ती बरी झाली. वैद्यांनी तिला तपासले. त्याच वर्षी धर्मपीठाने हा चमत्कार असल्याचे जाहीर केले. विरोधकांना तो मान्य नव्हता; तरीही मठाचा छळ काही काळ थांबला.

खरी कसोटी १६६१ साली लागली. यान्सेन यांच्या ग्रंथात पाखंडी मते आहेत, अशा निवेदनावर सही करण्याचा हुकूम सुटला. तो लॅटिन ग्रंथ धर्मभगिनींनी वाचलेला नव्हता. जे ठाऊक नाही, त्याची ग्वाही कशी द्यावी, हा जॅकलीन यांच्यापुढील प्रश्न होता. धर्माधिकारी कचरत असले, तरी स्त्रियांनी सत्याची बाजू सोडू नये, असे त्यांनी पत्राद्वारे ठामपणे मांडले. शेवटी वरिष्ठांच्या आग्रहास्तव त्यांनी सही केली; परंतु मनाची व्यथा शमली नाही. ४ ऑक्टोबर १६६१ रोजी, वयाची छत्तीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

मठातील मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी लिहिलेली नियमावली १६६५ साली प्रसिद्ध झाली. मार्गरीत १७३३ पर्यंत जगली. १७०९ मध्ये चौदाव्या लुईने ग्रामीण भागातील मूळ मठ बंद केला व पुढे तो जमीनदोस्त करविला. मठाच्या भिंती पडल्या. परंतु सत्तेपुढेही आपल्या विवेकाला स्मरणाऱ्या या स्त्रीचे नाव इतिहासात राहिले.