काळ्या घोड्याचे दाते : सर अल्बर्ट ससून

आमच्या शाळेची सहल मुंबईस गेली असतां काळा घोडा चौकांत एका विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, ह्या घोड्यावर स्वार कां नाहीं? पुढें जाण्याची घाई असल्यामुळें मीं दोन शब्दांत त्याचें समाधान केलें. पण त्या प्रश्नाचें पुरें उत्तर एका मनुष्याच्या चरित्रांत आहे, व तें आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं वाचण्याजोगें असल्यामुळें येथें सांगतों.

अब्दुल्ला ससून ह्यांचा जन्म इ. स. १८१८ मध्यें बगदाद शहरीं एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यांत झाला. आजोबा तेथील पाशांचे खजिनदार होते. पुढें दाऊद पाशाच्या अमदानींत यहुदी लोकांचा छळ होऊं लागला, तेव्हां वडील डेव्हिड ससून ह्यांस जीव वांचविण्यासाठीं इराणांतील बुशायर बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथून हें कुटुंब १८३२ च्या सुमारास मुंबईस आलें. ज्या घरीं एके काळीं राज्याचा खजिना सांभाळला जाई, त्या घरचा हा वडील मुलगा परक्या देशांत निर्वासित होऊन उतरला.

मुंबईनें ह्या कुटुंबास आश्रय दिला आणि कुटुंबानें मुंबईस व्यापार दिला. डेव्हिड ससून ह्यांच्या पेढीचे व्यवहार पाहतां पाहतां चीनपर्यंत पसरले. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, व हिंदी कापसास सोन्याचा भाव आला. त्याचा लाभ ह्या पेढीसही झाला. १८६४ मध्यें डेव्हिड ससून पुण्यास निवर्तले आणि सर्व कारभार अब्दुल्ला ह्यांजकडे आला. त्यांनीं अल्बर्ट हें नांव धारण केलें, आणि त्याच नांवानें ते पुढें प्रसिद्ध झाले.

ह्या वैभवाची एक बाजू मुलांपासून झांकून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं. पेढीच्या व्यापारांत कापसाबरोबर अफूही होती. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. तो व्यापार त्या काळीं कायदेशीर होता, इतकेंच नव्हे, तर सरकारासही त्यापासून मोठें उत्पन्न होतें. परंतु त्या व्यसनानें चीनमधील असंख्य कुटुंबें धुळीस मिळालीं, ही गोष्ट कायद्यानें पुसली जात नाहीं. तेथील मिशनरी मंडळींनीं ह्या व्यापाराविरुद्ध वर्षानुवर्षें चळवळ केली. मुंबईच्या कित्येक सुंदर इमारतींच्या पायांत अफूचा पैसा आहे, आणि तो एकट्या ससूनांचाच आहे असें नाहीं.

तथापि मिळविलेलें धन त्यांनीं कोंडून ठेवलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. एल्फिन्स्टन हायस्कूलच्या इमारतीकरितां त्यांनीं मोठी देणगी दिली. पण त्यांचें सर्वांत टिकाऊ काम कुलाब्यास आहे. त्या काळीं मोठीं जहाजें दूर पाण्यांत नांगरून राहत व माल पडावांतून किनाऱ्यास आणावा लागे. त्यांत वेळ जाई, माल भिजे, पावसाळ्यांत तर हाल होत. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाल्यावर जहाजांची ये-जा वाढली. अल्बर्ट ससून ह्यांनीं स्वतःच्या खर्चानें गोदी बांधविली. भरतीचें पाणी आंत घेऊन दरवाजे लावावयाचे, म्हणजे ओहोटी लागली तरी आंतील जहाज तरंगतच राहतें. अशा प्रकारची पश्चिम हिंदुस्थानांतील ही पहिली गोदी १८७५ मध्यें पुरी झाली.

त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत व्हिक्टोरिया राणीचे ज्येष्ठ पुत्र युवराज एडवर्ड मुंबईस आले. त्या भेटीचें स्मारक म्हणून अल्बर्ट ससून ह्यांनीं युवराजांचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. व्हिएन्ना येथें जन्मलेले व लंडनमध्यें नांवारूपास आलेले शिल्पकार बोएम ह्यांनीं तो घडविला, आणि कोटाच्या जुन्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या भागांत १८७९ मध्यें त्याची स्थापना झाली. जवळच डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाचें वाचनालय होतें. पुतळा काळसर ब्राँझचा. रस्त्यानें जाणाऱ्या हमालास, गाडीवानास युवराजांशीं काय कर्तव्य? त्याच्या डोळ्यांत घोडाच भरला, आणि सर्व वस्तीचें नांव काळा घोडा पडलें! स्वार पुढें १९०१ मध्यें सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला, तरी नांव घोड्याचेंच राहिलें.

दात्याचा मुक्काम मात्र तोंवर मुंबईंत राहिला नव्हता. १८७२ मध्यें सर ही पदवी, १८७३ मध्यें लंडन शहराचें नागरिकत्व आणि १८९० मध्यें बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब असे मान मिळवीत ते इंग्लंडांतच स्थायिक झाले. ब्रायटन येथें त्यांनीं हिंदी घाटाच्या घुमटाची आपली समाधि हयातींतच बांधविली होती. १८९६ मध्यें ते तेथें वारले व तींत पुरले गेले. पण १९३३ मध्यें त्यांच्या अस्थि तेथूनही हलविण्यांत आल्या.

पुतळ्याच्या नशिबींही स्थलांतर होतें. देश स्वतंत्र झाल्यावर परकीय राजाचा पुतळा भर चौकांत असावा, हें लोकांस रुचेना. १९६५ मध्यें तो भायखळ्याच्या राणीच्या बागेंत, म्हणजे जिजामाता उद्यानांत, नेऊन ठेवला. तेथेंच डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नांवाचें वस्तुसंग्रहालय आहे, व त्यांत एडवर्डचे वडील प्रिन्स अल्बर्ट ह्यांचा संगमरवरी पुतळा आहे. तो कोणीं दिला म्हणाल, तर डेव्हिड ससून ह्यांनीं! बापानें दिलेला बापाचा पुतळा आणि लेकानें दिलेला लेकाचा पुतळा, असे दोन्ही आतां एकमेकांच्या शेजारीं आले आहेत.

इकडे चौकांत घोडा नसतांही पन्नासाहून अधिक वर्षें लोक त्यास काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटीं २०१७ मध्यें तेथें नवा घोडा उभा करण्यांत आला, पण त्याच्या पाठीवर कोणासही बसविलें नाहीं. कुलाब्याच्या गोदींत मात्र पहांटे मासळीच्या होड्या लागतात, कोळणी पाट्या घेऊन लिलावास जमतात, आणि कोठें निघालांत म्हणून कोणी विचारलें, तर त्या ससून डॉक असें सांगतात.