लस सुईतून, लढाई आतड्यात: हाफकिन यांची गोष्ट

पोलिओ रविवारी बूथवर पाजतात ते दोन थेंब सगळ्यांना माहीत आहेत. हे थेंब बनवणाऱ्यांमध्ये मुंबईच्या परळमधली हाफकिन ही सरकारी कंपनीही आहे. गंमत म्हणजे ज्यांचं नाव तिला आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या गाजलेल्या दोन्ही लशी टोचायच्या होत्या.

हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसामधला. विद्यापीठात त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकॉफ. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना चक्क गिळतात, हे दाखवणारे हेच ते. (म्हातारपणी ते दह्याच्या मागे लागले. आतड्यातले चांगले जंतू आयुष्य वाढवतात असं त्यांचं मत होतं.) ज्यू असल्यामुळे हाफकिन यांना तिथे प्राध्यापकी मिळणं अवघड होतं. मग तेही गुरूंच्या पाठोपाठ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. नोकरी मिळाली ती ग्रंथालयात, पण डोकं प्रयोगशाळेतच.

१८९२ च्या जुलैमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते कोलकात्याला आले. आपल्याकडे कॉलऱ्याला पटकी म्हणायचे. नगरवरून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आपण आजही पाहतो. त्या काळी वारीत पटकी शिरली की परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव पोचायची. हाफकिन यांनी हजारो लोकांना लस टोचली आणि टोचलेल्यांमध्ये आजार कमी दिसला. पण परिणाम फार टिकत नव्हता.

का, ते आता कळतं. कॉलऱ्याचा जंतू सहसा रक्तात शिरतच नाही. तो लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतो, विष सोडतो आणि शरीरातलं पाणी जुलाबांवाटे बाहेर जातं. या भिंतीत शरीराने स्वतःचा पहारा बसवलाय. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी समोरून जाणाऱ्या मालाचे नमुने तपासतात. अन्न आणि रोजचे निरुपद्रवी जंतू सोडून देतात. घातक जंतू ओळखला की तिथल्या पेशी आयजीए नावाची प्रतिपिंडं बनवतात. ती आतड्याच्या आतल्या थरावर पसरतात आणि जंतूला चिकटूच देत नाहीत. टोचलेल्या लशीने प्रतिपिंडं तयार होतात ती मुख्यतः रक्तात. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन सर्व्हर अपडेट झाला, गेटवरच्या मशीनपर्यंत त्यातलं थोडंच पोचलं. म्हणूनच आज कॉलऱ्याची लस पाजतात, आणि पोलिओच्या थेंबांमागेही हेच गणित आहे. हाफकिन यांच्या काळात ही प्रतिपिंडं कुणाला माहीतच नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो आतड्यातला रोग नाही, तो गाठींमध्ये आणि रक्तात पसरतो. इथे सुई बरोबर जागी होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी काही महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली.

आणि मग १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे दाखवायला रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे त्यांची बाजू घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले, कोलकात्यात परत कामावरही आले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते भारत सोडून गेलेले होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.