समजून घ्या : अणुबॉम्बला विरोध अन् सूर्याची बाजू, कोण होते दा. ध. कोसंबी?

मांजरसुंबा परिसरातल्या शेतांत आता सौरपंपांची पॅनेल दिसतात. ऊन आहे तोवर मोटर चालते, पाणी द्यायला रात्री लाइटीची वाट पाहत बसावे लागत नाही. भारताने अणूपेक्षा सूर्याच्या ऊर्जेवर पैसा लावावा, असा आग्रह साठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गणितज्ञाने धरला होता. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. अणुप्रश्नावरची त्यांची भूमिका मात्र फारशी चर्चेत येत नाही.

गोवा ते हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर १९१८ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलिगड आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले. १९४५ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत.

वाद नेमका कशावरून?

याच संस्थेत देशाच्या अणुकार्यक्रमाचा पाया घातला जात होता. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, १९५६ मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. त्याच काळात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले होते. हिरोशिमा-नागासाकीनंतर अण्वस्त्रांवर बंदी घाला, ही त्या चळवळीची मुख्य मागणी होती.

अणुऊर्जेचा खरा खर्च लष्करी गरजेआड झाकला जातो, असे कोसंबींचे म्हणणे होते. किरणोत्साराचा धोका वेगळाच. भारतात ऊन भरपूर आहे, ते गावोगाव पडते आणि त्यापासून बॉम्ब बनत नाही. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमधील भाषणातही त्यांनी अणुऊर्जेचाच विषय घेतला.

भट्टी आणि बॉम्बचा संबंध काय?

अणुभट्टीत युरेनियम वापरले की त्यातल्या काही भागाचे प्लुटोनियम होते. वापरलेल्या इंधनातून ते रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढता येते. ते पुन्हा इंधन म्हणून वापरता येते आणि बॉम्बसाठीही. म्हणजे तंत्र बरेचसे एकच, फरक हेतूचा. हेतू कोण ठरवणार आणि ते लोकांना कळणार का, हा नैतिक प्रश्न इथूनच सुरू होतो.

दुसरी बाजू

भाभांचा मुद्दाही हलका नव्हता. वीज नसलेल्या गरीब देशाने नवे तंत्रज्ञान स्वतः शिकले नाही, तर तो कायम परावलंबी राहील, असे त्यांना वाटे. शिवाय त्या काळी सौरऊर्जा फार महाग होती. शांतता चळवळ सोव्हिएत रशियाकडे झुकलेली आहे, ही टीकाही होत होती आणि ती निराधार नव्हती.

नोकरी गेली

१९६२ मध्ये संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. गणितातील एका अवघड प्रश्नाची त्यांनी दिलेली सिद्धता चुकीची ठरल्याने त्यांची अडचण झाली होती. भाभांशीही बिनसले होते. कोणते कारण किती मोठे, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली आणि आपणही बॉम्ब बनवावा, अशी मागणी देशात वाढली. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात कोसंबींचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

आज का आठवायचे?

१८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिली चाचणी झाली. तिच्यासाठी लागलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीतून आले होते. ही भट्टी कॅनडाने शांततेच्या वापरासाठी दिली होती. पुढे १९९८ च्या चाचण्यांनंतर भारताने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले.

अण्वस्त्रे हवीत की नकोत, यावर आजही दोन मते आहेत. कोसंबींचे सगळेच अंदाज बरोबर होते, असेही नाही. पण ज्या संस्थेचा पगार घेत होते, तिथेच राहून त्यांनी हा खर्च कशासाठी, असे उघडपणे विचारले. सौरपंप शेतात आल्यावरही तो प्रश्न संपलेला नाही.