पुरासाठी जागा राखणारा अभियंता
गाढी नदीला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पनवेलमधल्या पाण्याला वाट उरत नाही. असे पाणी शहराच्या वरच्या अंगालाच अडवावे, हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा मार्ग. पुण्यात अभियांत्रिकी शिकून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याला त्यांनी पाणी ठरावीक पातळीवर गेले की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. तेव्हा त्यांनी वरच्या बाजूला दोन जलाशय सुचवले. त्यांत पुरासाठी जागा रिकामी राखायची होती. ते १९६२ मध्ये गेले. धरण भर पावसाळ्यात काठोकाठ भरले, तर पुढचा पूर अडवणार कुठे?