यानुश कोर्चाक : मुलांचा सांगाती

मानसशास्त्राचा अभ्यास करताना एक प्रश्न मला सतत अस्वस्थ करीत आला आहे. ज्या मुलाने कोवळ्या वयातच आईबापांचे मरण आणि उपासमार पाहिली, त्याच्या मनात उसळणाऱ्या संतापाचे करावे तरी काय? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर पोलंडच्या डॉ. यानुश कोर्चाक यांच्या जीवनात सापडते.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सातील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात ते जन्मले. पुढे वडिलांना वेड लागले, घर विस्कटले आणि शाळकरी हेन्रिकला शिकवण्या करून संसाराला हातभार लावावा लागला. पोरके होणे म्हणजे काय, हे त्यांना असे लहानपणीच कळले. ते बालरोगतज्ज्ञ झाले, नावाजलेले लेखकही झाले. परंतु १९१२ साली ज्यू मुलांच्या अनाथाश्रमाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि आयुष्य तेथेच वेचले.

आश्रमातील मुले सात ते चौदा वर्षांची. कित्येकजण शब्दाशब्दाला हातघाईवर येत. कोर्चाकांनी त्यांना राग गिळण्याचा उपदेश केला नाही. ते मुलांशी पैज लावीत. या आठवड्यात किती वेळा मारामारी करणार, तो आकडा मुलानेच ठरवायचा आणि हळूहळू कमी करीत न्यायचा. पैज जिंकली की खाऊ मिळे, आणि साक्षीपुरावा म्हणून मुलाचा शब्द पुरे होई. कुणावर अन्याय झाला तर त्याने तक्रार नोंदवायची. आठवड्यातून एकदा पाच बालन्यायाधीश तिचा निवाडा करीत, आणि बहुतेक निकाल क्षमेचेच असत. खुद्द कोर्चाकही या न्यायालयापुढे उभे राहिले. तक्रार नोंदविण्यापासून निकालापर्यंतच्या त्या दिवसांतच राग निवण्यास अवसर मिळत असावा, असे मला वाटते.

१९४० साली नाझींनी आश्रमाला वॉर्साच्या कोंडवाड्यात, म्हणजे घेट्टोत, ढकलले. तेथे १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. मृत्यूला शांतपणे सामोऱ्या जाणाऱ्या अमलची ती कथा कोर्चाकांनी हेतुपुरस्सर निवडली होती, असे सांगतात. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी कोर्चाकांना होती. ती नाकारून सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का यांच्यासह ते मुलांबरोबर चालत गेले. त्यांच्यातील कोणीही परतले नाही.

त्यांच्या उपचाराचे मर्म मला या अखेरच्या वाटचालीत दिसते. भेदरलेल्या मुलाला आधी आपल्याला सोडून न जाणारे माणूस हवे असते. पैजा आणि न्यायालये त्यानंतर. आपल्यापैकी जे उद्या शिक्षक होतील, त्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे.